पवनीचा स्तूप : आमच्या वस्तीची सहल

दरवर्षी भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या विहारात माझे दहा-पंधरा मिनिटांचे भाषण असते. मी काही विद्वान नाही. एका कार्यालयात कारकून आहे, बी.कॉम. झालो आहे आणि सुटीच्या दिवशी विहाराचे काम पाहतो. त्यामुळे भाषणात ठरलेल्या चार-पाच गोष्टी सांगतो. त्यातली एक गोष्ट अशी : "बंधू-भगिनींनो, आपल्या नागपूरपासून फक्त 80 किलोमीटरवर पवनीला एक स्तूप होता. तो सांचीच्या स्तूपापेक्षाही मोठा होता!" या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. पंधरा वर्षे मी त्या टाळ्या घेत आलो.

मागच्या जयंतीला भाषण संपल्यावर नववीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. हातात वही-पेन होते. तिने विचारले, "काका, तुम्ही पाहिला काय जी तो स्तूप?"

मी म्हटले, "नाही ग बेटा, वाचला आहे."

"मग आता कसा आहे तो? उभा आहे का पडला?"

मला उत्तर देता आले नाही. सांचीला मी दोनदा जाऊन आलो. अजिंठा-वेरूळ पाहिले, बोधगयेलाही मंडळाबरोबर गेलो. पण उमरेडच्या रस्त्याने दोन तासांवर असलेली पवनी मी पाहिली नव्हती. पोरीचा प्रश्न साधा होता, पण तो मला रात्रभर बोचला. न पाहिलेल्या गोष्टीच्या मोठेपणावर टाळ्या घ्यायच्या, हे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी एस.टी.ने एकटाच निघालो. उमरेड, भिवापूर करत गाडी पवनीला पोहोचते. भिवापूरची मिरची सगळ्यांना ठाऊक आहेच. आमची आई सांगते, पूर्वी ती नातेवाइकांकडे नागभीडला छोट्या लाईनच्या गाडीने जायची, तेव्हा वाटेत 'पवनी रोड' नावाचे स्टेशन लागायचे. ती छोटी लाईन ब्रॉडगेजच्या कामासाठी 2019 साली बंद झाली.

पवनी हे भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पूर्वेला वैनगंगा वाहते. बाकीच्या बाजूंनी जुना मातीचा तट आणि खंदक यांच्या खुणा दिसतात. गावात देवळे आणि नदीवर घाट इतके आहेत की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. रेशीमकाठी कापड विणणाऱ्या कोष्टी समाजाचेही हे जुने गाव. जवळच वैनगंगेवर गोसीखुर्दचे मोठे धरण आहे. त्याची पायाभरणी 1988 साली झाली.

मी विचारत विचारत जगन्नाथ टेकडीवर गेलो. आणि वाचकहो, खरे सांगतो, माझी निराशा झाली. सांचीसारखा घुमट नाही, तोरणे नाहीत. एक उंचवटा, त्यावर जगन्नाथाचे देऊळ, झाडेझुडपे, माती आणि त्या मातीत विटा. उत्खननात निघालेले कोरीव दगड संग्रहालयांत गेलेले. माहिती नसलेला माणूस त्या टेकडीवरून चालत गेला तरी आपण कशावर पाय ठेवतो आहोत हे त्याला कळणार नाही. मी अर्धा तास तिथे बसलो आणि परत निघालो. घरी आईने विचारले, "पाहून आला?" मी म्हटले, "हो, आलो." यापुढे काही बोलवले नाही.

पण मग विचार केला की दोष टेकडीचा नाही, माझ्या तयारीचा आहे. सांचीला आपण जातो तेव्हा दगड स्वतःच बोलतात. पवनीला आधी आपण अभ्यास करायचा आणि मग तिला बोलते करायचे. म्हणून दोन-तीन रविवार ग्रंथालयात बसलो. जे समजले ते थोडक्यात सांगतो.

पवनीचे उत्खनन 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. त्यांचा इंग्रजी अहवाल 1972 साली प्रसिद्ध झाला. पवनीच्या ब्राह्मी लेखांवर डॉ. वि. भि. कोलते यांनीही लिहिले. जगन्नाथ टेकडी आणि हरदोलाला टेकडी या दोन्ही ठिकाणी स्तूपांचे अवशेष निघाले. जगन्नाथ टेकडीच्या पोटातल्या स्तूपाचा व्यास सुमारे 38 मीटर भरला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास 36.6 मीटर आहे. म्हणजे माझ्या भाषणातले वाक्य व्यासापुरते खरे होते. स्तूपाभोवती प्रदक्षिणापथ होता आणि त्याला दगडी कठडा होता. या कठड्याला वेदिका म्हणतात. तिच्या दगडांवर चित्रे कोरलेली होती आणि दान देणाऱ्यांची नावे होती. काळ म्हणाल तर मौर्यांचा आणि त्यानंतरचा, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना.

ही माहिती मिळाली, पण आकडा ऐकून माणसाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. 38 मीटर म्हणजे किती? आम्ही हिशेबाची माणसे. मी कागद घेतला. आपल्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचा व्यास 120 फूट सांगतात. 38 मीटर म्हणजे जवळजवळ 125 फूट. फरक इतकाच की दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, आपण आत जाऊन वंदना करतो. जुने स्तूप आतून भरीव असत, वंदना बाहेरून प्रदक्षिणा घालून होत असे. पवनीच्या स्तूपाखालची जागा काढली तर बारा हजार चौरस फुटांच्या वर गेली. आमच्या वस्तीत हजार फुटांचे प्लॉट आहेत. म्हणजे बारा घरांचे बारा प्लॉट एकत्र केले तर तेवढी जागा होईल. हे मी विहारात सांगितले तेव्हा बायाबापड्यांनी एकमेकींकडे पाहिले. 38 मीटरने जे झाले नव्हते ते बारा प्लॉटांनी झाले.

मग ठरले की सगळ्यांनी जायचे. वर्गणी काढली, एक गाडी ठरवली आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला निघालो. लहानमोठी मिळून चाळीस माणसे होती. महिला मंडळाने शिदोरी बांधली होती : पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, ठेचा आणि पोरांसाठी गुळाच्या दशम्या. माझी सत्तरीची आईही आली. मी पिशवीत एक वस्तू घेतली होती, पण ती कोणाला सांगितली नाही. एकोणीस मीटर लांबीची सुतळी.

टेकडीवर पोहोचल्यावर मला ज्याची भीती होती तेच झाले. एका पोराने विचारले, "कुठी आहे जी स्तूप?" मी म्हटले, "तू त्याच्यावरच उभा आहेस." पोरे हसली. मोठ्यांचे चेहरे उतरले. दोन तरुणांना देऊळ पाहून घोषणा द्यायची इच्छा झाली. मी त्यांना समजावले की आज आपण पाहायला आणि शिकायला आलो आहोत. इथे दर्शनाला येणाऱ्या माणसांशी आपले भांडण नाही. देवळात आलेल्या एका आजोबांनीच आम्हाला पाण्याची जागा दाखवली. आम्ही एका बाजूला बसून हळू आवाजात त्रिसरण-पंचशील घेतले.

मग मी सगळ्यांना टेकडीखाली एका मोकळ्या बांधीत नेले. धान कापून झाले होते, जमीन कोरडी होती. शेतमालकाला विचारले. तो म्हणाला, "करा ना जी, रिकामीच आहे." मी त्या नववीतल्या मुलीला मध्यभागी उभे केले, सुतळीचे एक टोक तिच्या हातात दिले आणि दुसरे टोक ताणून एका मुलाला गोल चालायला लावले. त्याच्या मागून दुसऱ्या मुलाने चुन्याची रेघ ओढली. एक फेरा पूर्ण झाला तेव्हा बांधीत एक मोठे वर्तुळ तयार झाले. मी म्हटले, "हा पवनीचा स्तूप. एवढ्या जागेवर तो उभा होता."

कोणी काही बोलले नाही. मग एकेक माणूस आपणहून रेघेवरून चालू लागला. उजवा हात स्तूपाकडे ठेवून, जशी प्रदक्षिणा घालतात तशी. पूर्ण फेरा सुमारे 120 मीटरचा. आईने काठी टेकत तो पूर्ण केला. ती उमेदीच्या काळात बांधकामावर रेजा म्हणून काम करत होती. डोक्यावर विटा घेऊन तिने नागपुरातल्या कितीतरी इमारतींचे जिने चढले आहेत. फेरा झाल्यावर ती म्हणाली, "एवढं मोठं आणि आतून भरीव? बाप्पा! किती विटा लागल्या असतील रे? कोणी वाहिल्या?"

आम्ही परत टेकडीवर गेलो. आईने मातीतून डोकावणारी एक वीट बोटांनी चाचपून पाहिली. आजच्या विटेपेक्षा ती कितीतरी मोठी होती. ती म्हणाली, "ही डोक्यावर एका वेळी दोन-तीनच घेता येतील." पुरातत्त्वाच्या पुस्तकात मला हे वाक्य कुठे मिळाले नसते.

तेवढ्यात एका मुलाने विटेचा तुकडा खिशात घातलेला मी पाहिला. विहारात ठेवायला नेतो म्हणाला. त्याचा भाव चांगला होता, पण मी तो तुकडा जागच्या जागी ठेवायला लावला. आंध्रातल्या अमरावतीला केवढा स्तूप होता! तिथले संगमरवरासारखे दगड लोकांनी बांधकामाला नेले, काही चुन्यासाठी भाजले. उरलेले शिल्प आज चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहे, मूळ जागी फार थोडे राहिले. प्रत्येकाने प्रेमाने एकेक तुकडा नेला तरी टेकडी नाहीशीच होईल.

जेवणे झाल्यावर सगळे झाडाखाली बसले आणि मी शिलालेखांची गोष्ट काढली. इथे मला स्वतःची एक चूक दुरुस्त करायची होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडले याचे कारण सांगितले. बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला आणि ही त्यांची भूमी, हे ते कारण. त्यानंतर तेरा वर्षांनी पवनीचे उत्खनन झाले आणि तिथे पाच फण्यांचा नाग कोरलेला खांब आहे. शेजारी ब्राह्मी लिपीत त्याचे नाव लिहिलेले आहे : 'मुचरिनो नागो'. भाषणात मी हा खांब दाखला म्हणून ठोकून द्यायचो. नाग सापडला, म्हणजे सिद्ध झाले!

पण नीट वाचल्यावर कळले की तो मुचलिंद नागराज आहे. संबोधीनंतर तथागत ध्यानात बसले असताना सात दिवस पाऊस पडला आणि मुचलिंदाने त्यांच्यावर फणा धरली, ती ही कथा. तशीच कथा इतर ठिकाणीही कोरलेली आहे. म्हणून या एका चित्रावरून इथे कोणते लोक राहत होते हे सिद्ध होत नाही. त्या चित्रात एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. नागाच्या फण्याखाली बुद्धमूर्ती नाही. रिकामे आसन आहे. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. आसन, बोधिवृक्ष, चक्र, पावले अशा खुणांनी त्यांना दाखवत.

एक तरुण म्हणाला, "म्हणजे भाऊ, आपल्याजवळ पुरावा नाही?"

मी म्हटले, "ऐक. चित्रापेक्षा मोठी गोष्ट दुसऱ्या लेखात आहे." पवनीच्या एका लेखात दान देणाऱ्याचे नाव आहे नाग. आणि त्याची ओळख दिली आहे 'पचनेकायिक', म्हणजे पाच निकाय जाणणारा. दीघ, मज्झिम, संयुत्त, अंगुत्तर आणि खुद्दक हे सुत्तपिटकाचे पाच निकाय. भारहूत आणि सांचीच्या लेखांतही असे पाच निकाय जाणणारे आढळतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी नाग नावाचा एक माणूस होता आणि त्याचा मान त्याच्या ज्ञानामुळे होता. नावावरून त्याचे कूळ सिद्ध होईल असे मी म्हणणार नाही, तो अभ्यासकांचा प्रांत. पण आपल्या पोरांना सांगायला मला हा नाग फण्याच्या नागापेक्षा जास्त आवडतो. शिका असे सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांना हाच नाग शोभतो.

मुलीने वहीत लिहून घेतले. मग तिने विचारले, "बायांची नावं नाहीत काय?"

आहेत. विसमिता नावाच्या एका स्त्रीचे दान पवनीच्या लेखात नोंदलेले आहे. आणि त्या दानामागे तिची इच्छाही कोरली आहे : हे सर्व प्राण्यांच्या सुखासाठी होवो. स्वतःसाठी धन नाही, नवऱ्यासाठी यश नाही, मुलासाठी राज्य नाही. सगळ्यांसाठी सुख. लेखाची भाषा संस्कृत नाही, लोकांची प्राकृत आहे. सांचीलाही असेच आहे. तिथल्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले काम नोंदवले आहे. स्तूप म्हटले की आपण सम्राट अशोकाचे नाव घेतो आणि ते योग्यच आहे. पण वेदिकेचे दगड पाहिले तर ते साध्या माणसांच्या वर्गणीतून उभे राहिलेले दिसतात. आपल्या विहाराची पावतीपुस्तके आठवा. तेच आहे ते, फक्त दगडावर.

आई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "दान देणारीचं नाव राहिलं, बरं झालं. विटा वाहणारीचं नाही राहिलं ना?"

मी म्हटले, "नाही आई. मला तरी कुठे मिळालं नाही."

ती म्हणाली, "मग तू भाषणात तिचंबी सांगत जा."

वाचकहो, दीक्षाभूमीचा स्तूप 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. तोही आपल्यासारख्यांच्या घामाने आणि वर्गणीने उभा राहिला. त्याच्याकडे पाहताना आता मला पवनीची ती मोठी वीट आठवते.

निघण्यापूर्वी पोरांनी हट्ट धरला की बांधीतल्या वर्तुळावर सगळ्यांनी हात पसरून उभे राहायचे. चाळीस माणसे हाताला हात लावून उभी राहिली. शेतमालक आला, त्याची दोन पोरे आली. तरी जेमतेम अर्धे वर्तुळ भरले. बाकीचे अर्धे रिकामेच राहिले. पूर्ण भरायला ऐंशी माणसे लागतील. परतीच्या वाटेवर गाडीत एकच चर्चा होती की पुढच्या वेळी दोन गाड्या करायच्या.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे पवनी सुमारे 80 किलोमीटर आहे. सकाळी निघाल्यास संध्याकाळी घरी परत येता येते. हिवाळ्यात जा, पाणी आणि शिदोरी सोबत ठेवा. टेकडीवर कचरा करू नका, वीट उचलू नका, देवळात येणाऱ्यांशी सलोख्याने वागा. आधी जगन्नाथ टेकडी पाहा, मग हरदोलाला टेकडी, मग गावाचा तट आणि वैनगंगेचा घाट. वेळ असेल तर जवळच्या रुयाड येथील महासमाधीभूमीचा नवा स्तूप पाहा. तो जपानी बौद्धांच्या मदतीने उभारला आहे. पोरांना तिथे उभा स्तूप दिसेल आणि टेकडीच्या पोटात काय होते याची कल्पना येईल. पण आधी टेकडी, मग नवा स्तूप, हा क्रम मोडू नका.

आणि जाताना एकोणीस मीटर सुतळी आणि थोडा चुना घेऊन जा. मध्यभागी वस्तीतल्या सर्वांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या मुलीला उभे करा.

येत्या जयंतीला मी पवनीवर पुन्हा बोलणार आहे. सांचीपेक्षा मोठा हे वाक्य राहील, कारण ते खरे आहे. त्याच्यासोबत आता पाच निकाय जाणणारा नाग असेल, सर्वांचे सुख मागणारी विसमिता असेल आणि आईने सांगितल्याप्रमाणे, जिचे नाव राहिले नाही ती विटा वाहणारी बाईही असेल. टाळ्या पडल्या नाहीत तरी चालेल.

जयभीम!